गळका फ्लश, जड पाणी आणि मिस्त्रीची मजुरी

१२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन निघालेली पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि शहराचं पाणी तीनशेहून जास्त किलोमीटरवरून आणावं लागत होतं. आता एक साधा हिशोब मांडू. फ्लशच्या टाकीतून भांड्यात बारीक धार सतत गळत असेल आणि मिनिटाला फक्त १०० मिलिलिटर पाणी जात असेल, तर दिवसाला १४४ लिटर जातं. असे साडेतीन हजार फ्लश मिळून ती अख्खी गाडी एका दिवसात रिकामी करतात. ही गळती फरशीवर दिसत नाही, भिंतीला ओल आणत नाही. पाणी गुपचूप ड्रेनेजला जातं, म्हणून महिनोन्‌महिने कुणी मिस्त्रीला बोलवत नाही.

न बोलवण्याचं आणखी एक कारण असतं: तो किती घेईल याचा अंदाज नसतो. आणि अंदाज नसतो, कारण बिघडलंय काय हेच आपल्याला सांगता येत नाही. ‘संडासात पाणी गळतंय’ एवढंच आपण फोनवर सांगतो. या एका वाक्यात वीस रुपयांचं वॉशरही बसतं आणि वीस हजारांची फोडतोडही. नांदेड-लातूरकडे संडासाच्या दुरुस्तीत जे पैसे वाया जातात, ते बहुतेक वेळा मिस्त्रीने जास्त मागितल्यामुळे जात नाहीत. चुकीच्या जागी हात घातल्यामुळे जातात. म्हणून आधी बिघाड, मग भाव.

टाकीचं झाकण उचलून आत बघा. आत दोनच यंत्रं असतात. एक पाणी आत घेतं, दुसरं बाहेर सोडतं. आत घेणारा तो बॉलकॉक. पाणी चढलं की तरंगता गोळा वर येतो आणि नळीचं तोंड रबराने दाबून बंद करतो. बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या बुडाशी रबरी चकती असते. बटण दाबलं की ती उचलली जाते, टाकी रिकामी झाली की परत जागेवर बसते. मध्ये उभी असलेली नळी ओव्हरफ्लोची. बॉलकॉक बंद झालाच नाही तर पाणी बाहेर न सांडता भांड्यात जावं, यासाठी ती असते. टाकीतलं पाणी तिच्या तोंडाच्या साधारण इंचभर खाली थांबायला हवं.

म्हणजे गुपचूप गळतीला वाटा दोनच: वरून ओव्हरफ्लोतून किंवा खालून चकतीतून. कुठली ते घरीच कळतं. टाकीत कपड्यांची थोडी नीळ टाका आणि वीस मिनिटं फ्लश वापरू नका. भांड्यात निळसर पाणी उतरलं तर गळती आहे. मग टाकीकडे येणारा अँगल कॉक बंद करा, टाकीच्या आत पाण्याच्या पातळीवर पेन्सिलने खूण करा आणि तासाभराने बघा. पातळी खाली गेली असेल तर दोष बुडाच्या चकतीत. पातळी तिथंच असेल आणि कॉक उघडल्यावर पाणी पुन्हा ओव्हरफ्लोत पडू लागलं तर दोष बॉलकॉकमध्ये. एवढं तपासून ‘मिस्त्री, बॉलकॉक बंद होत नाही’ असं फोनवर सांगितलं, की तो येतानाच योग्य सामान घेऊन येतो. त्याचा हेलपाटा वाचतो आणि तुमची मजुरीही.

आता ही गळती आपल्याकडे इतक्या लवकर का सुरू होते, ते पाहू. मराठवाड्याचा बराच भाग काळ्या बेसॉल्ट खडकावर आहे. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन खडकाच्या भेगांत उतरतं आणि वाटेत कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवत जातं. बोअरमधून ते वर आलं, उघड्यावर थांबलं, थोडं आटलं, की विरघळलेला चुना पुन्हा घट्ट होऊन पृष्ठभागावर बसतो. नळाच्या तोंडाशी, बादलीच्या कडेला, जेट स्प्रेच्या छिद्रांत जो पांढरा खडबडीत थर दिसतो तो हाच. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात जडपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत सवलत आहे. बोअरचं पाणी पहिली मर्यादा ओलांडतं तेव्हा नळांवर आणि भांड्यांवर ते दिसतं. नांदेड शहराला विष्णुपुरीच्या शंकरसागर जलाशयातून मिळणारं गोदावरीचं पाणी त्या मानाने हलकं असतं, पण उन्हाळ्यात नळ लांबला की घरोघरी बोअरची मोटर सुरू होते आणि तेच पाणी फ्लशच्या टाकीत जातं.

हा क्षार रबरी चकती आणि तिची बैठक यांच्यामध्ये बसतो. चकती चांगली असते, पण खडबडीत बैठकीवर ती टेकत नाही. घाईचं काम करणारा मिस्त्री जुनी चकती काढतो, नवी घालतो आणि जातो. दोन-चार महिन्यांत गळती परत सुरू होते आणि ‘डुप्लिकेट माल दिला’ म्हणून आपण त्याला दोष देतो. जाणता मिस्त्री आधी बैठकीवरून बोट फिरवतो, क्षार खरवडून-पुसून काढतो, आणि बऱ्याचदा जुनीच चकती उलटून किंवा धुऊन बसवतो. बॉलकॉकचंही असंच आहे. त्याचं छिद्र बारीक असतं, ते क्षाराने आणि गाळाने बुजतं. टाकी भरायला अर्धा तास लागतो, आणि घरातले म्हणतात प्रेशर नाही. लातूरकरांना तर कित्येक दिवसांआड पाणी येण्याची सवय आहे. रिकाम्या राहिलेल्या मोठ्या लाइनीत पाणी सुटलं की पहिल्या फेरीला गाळ येतो. तो गच्चीवरच्या टाकीच्या तळाशी साचतो आणि तिथून थेट बॉलकॉकमध्ये जातो. गच्चीवरची टाकी वर्षातून दोनदा धुतली तर खालची निम्मी दुरुस्ती टळेल, असं मला वाटतं.

क्षार घालवायला बरेच जण बाटलीतलं ॲसिड ओततात. ते करू नका. त्याने चुना विरघळतो हे खरं, पण फरशीच्या सांध्यांतलं सिमेंटही विरघळतं, नळाचा मुलामा जातो, आणि सांधे उघडे पडले की खालच्या मजल्यावर ओल उतरते. शिवाय त्याच ठिकाणी आधी ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर क्लोरीन वायू तयार होतो. बंद संडासात तो फुप्फुसाला जाळतो. जेट स्प्रेचं तोंड किंवा बॉलकॉक काढून लिंबूसत्त्वाच्या, म्हणजे सायट्रिक ॲसिडच्या, कोमट पाण्यात रात्रभर ठेवला तर क्षार सुटतो. पुडी किराणा दुकानात मिळते.

क्षाराचा सगळ्यात महागडा फटका मात्र अँगल कॉकला बसतो. भिंतीतून येणारी ती छोटी चावी वर्षानुवर्षं कुणी फिरवत नाही. आतला दांडा क्षाराने गच्च होतो. मिस्त्री टाकी खोलायला म्हणून ती बंद करायला जातो, चावी फिरत नाही, त्याने पान्ह्याने जोर लावला की भिंतीतला गंजलेला जोड तुटतो. मग वरची लाइन बंद करा, टाइल फोडा, नवा तुकडा टाका. २०० रुपयांत व्हायचं काम हजाराच्या पुढे जातं आणि भांडण होतं ते मिस्त्रीशी. जुन्या वसाहतींत, जिथं अजून भिंतीत लोखंडी जीआय पाइप आहेत, तिथं हे जास्त घडतं. उपाय फुकट आहे. महिन्यातून एकदा घरातले सगळे अँगल कॉक पूर्ण बंद करा आणि पूर्ण उघडा.

आता भाव. पुढचे आकडे साधारण आहेत. गल्ली, मजला, मालाचा ब्रँड आणि काम निघाल्याची वेळ यांवर ते खाली-वर होतात, पण बोलणी करायला एवढा अंदाज पुरतो. घरी येऊन छोटं काम करण्याची मजुरी, म्हणजे वॉशर, चकती, कनेक्शन पाइप किंवा जेट बदलणं, २०० ते ४०० रुपये. बॉलकॉक किंवा आतला पूर्ण सेट बदलणं ३०० ते ५००. नवी प्लास्टिकची टाकी बसवणं ४०० ते ७००. कमोड बसवण्याची मजुरी हजार-दीड हजार. भारतीय बैठकीचं भांडं बदलायचं तर फोडून, ट्रॅप जुळवून, गवंड्याकडून फरशी पुन्हा करून घ्यावी लागते, तिथं मजुरीच अडीच ते चार हजारांवर जाते. दिवसाच्या रोजावर ठेवला तर कुशल मिस्त्री ७०० ते १००० आणि सोबतचा हेल्पर त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त घेतो. माल वेगळा: प्लास्टिकचा बॉलकॉक शंभर-दोनशेला, टाकीतला पूर्ण सेट तीनशेपासून नऊशेपर्यंत, बरा अँगल कॉक अडीचशे-पाचशेला, जेट स्प्रे तीनशेपासून पुढे, पीव्हीसी टाकी हजार ते दोन हजार.

काम रोजावर द्यायचं की गुत्त्यावर, हा प्रश्न येतो. माझं मत असं: जिथं आत काय निघेल हे माहीत नाही, तिथं गुत्तं देऊ नका. भिंत फोडल्यावर गुत्तेवाला काम लवकर झाकण्याच्या मागे लागतो, आणि झाकलेला वाईट सांधा तुम्हाला दोन वर्षांनी कळतो. नवा कमोड बसवणं, टाकी बदलणं अशी मोजता येणारी कामं खुशाल गुत्त्यावर द्या. गळती शोधणं, तुंबलेली लाइन मोकळी करणं हे रोजावर किंवा तासाच्या बोलीवर असावं. आणि एक गोष्ट आवर्जून: मिस्त्री आला, त्याने पाहिलं, आणि ‘काही बदलायची गरज नाही, फक्त गोळ्याचा दांडा खाली केला’ असं म्हणाला, तरी त्याला त्याची मजुरी द्या. ‘तू तर काहीच केलं नाहीस’ म्हणून ज्याला पन्नास रुपयांवर परत पाठवलं जातं, तो पुढच्या घरी गरज नसताना सेट बदलतो. डॉक्टरने औषध दिलं नाही तरी आपण तपासणीचे पैसे देतो.

मालाच्या दुकानाचं गणितही समजून घ्या. प्लंबिंगचा माल बनवणाऱ्या अनेक कंपन्या मिस्त्रींसाठी कूपन आणि गुणांच्या योजना चालवतात. काही दुकानदारही आणलेल्या गिऱ्हाइकामागे थोडे पैसे देतात. मिस्त्री म्हणेल तेच दुकान आणि तीच कंपनी, असा आग्रह असला तर त्यामागे हे असू शकतं. मला यात फार मोठा गुन्हा दिसत नाही, कारण मजुरीत आपण घासाघीस करतो ती तो मालात भरून काढतो. सरळ मार्ग असा की मजुरी नीट द्यावी, सामानाची यादी लिहून घ्यावी आणि माल स्वतः आणावा किंवा त्याच्यासोबत जावं. पक्कं बिल घ्या. वॉरंटी बिलावरच मिळते, आणि आतला सेट तीन महिन्यांत गेला तर बिलाशिवाय दुकानदार हात वर करतो. जुना सुटा भाग काढल्यावर तो तुम्हाला दाखवायला सांगा. त्याच मापाचा आणायला तो लागतो, आणि खरंच गेला होता का हेही कळतं.

मुंबई-पुण्यात नळाच्या कामात ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातले कारागीर मोठ्या संख्येने दिसतात. तिथल्या पट्टामुंडई गावात तर सरकारने या कामाची स्वतंत्र संस्था काढली आहे. आपल्याकडचा मिस्त्री बहुधा आपल्याच भागातला असतो. कुणी आयटीआयमधून नळ कारागीर हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करून येतं, पण पुष्कळ जण उस्तादाच्या हाताखाली पाने उचलत शिकलेले असतात. महापालिकेची नवी नळजोडणी घ्यायची तर परवानाधारक प्लंबर लागतो. घरातल्या फ्लशसाठी तसा नियम नाही. म्हणून ओळखीतल्या दोन घरांना विचारा, आणि विचारताना ‘स्वस्त आहे का’ याऐवजी ‘वर्षभरानंतर काम टिकलंय का’ असं विचारा.

तुंबलेल्या संडासाकडे वळू. इथंही जागा आधी शोधायची. फक्त भांडं तुंबलं असेल आणि न्हाणीचं पाणी नीट जात असेल, तर अडथळा भांड्याच्या ट्रॅपमध्ये आहे. रबरी पंपाने किंवा स्प्रिंगच्या वायरने तो निघतो. फ्लश केल्यावर न्हाणीत बुडबुडे येत असतील किंवा घाण वर येत असेल, तर अडथळा पुढच्या लाइनीत. बाहेरचं चेंबर उघडा. चेंबर कोरडं असेल तर तुंबलंय ते घर आणि चेंबर यांच्या मध्ये. भरलेलं असेल तर त्याच्याही पुढे. एवढं पाहिल्याशिवाय भांडं उखडू देऊ नका. साध्या तुंबण्याची मजुरी तीनशे ते आठशेच्या दरम्यान असते, उखडलेलं भांडं परत बसवण्याचा खर्च त्याच्या पाच-सहा पट.

वास येत असेल तर त्याचं कारण वेगळं असू शकतं. १७७५ मध्ये लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने वळणदार नळीच्या फ्लशचं पेटंट घेतलं. त्या वळणात थोडं पाणी कायम अडून राहतं आणि गटारातला वायू घरात येऊ देत नाही. आज आपल्या प्रत्येक ट्रॅपमध्ये हेच तत्त्व आहे. अडलेल्या पाण्याची उंची साधारण ५० मिलिमीटर असते. मे महिन्यात आपण गावी जातो, घर बंद, आणि बेचाळीस अंशांच्या उन्हात हे पाणी वाळून जातं. परत आल्यावर घरभर दुर्गंधी. अशा वेळी मिस्त्रीला फोन करण्याआधी प्रत्येक भांड्यात आणि न्हाणीत तांब्या-दोन तांबे पाणी ओता. त्यानेही वास गेला नाही तरच पुढचा विचार.

चेंबर आणि लाइनीच्या तक्रारी आपल्याकडे वारंवार येतात, त्याला आपली काळी माती कारण आहे. ही चिकणमाती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तडकते. हात घालता येईल एवढ्या भेगा शेतात आपण पाहतोच. अशी माती ड्रेनेजच्या पाइपाखाली असेल तर दरवर्षी तो थोडा उचलला जातो, थोडा खचतो. चार इंची पाइपाला चाळीस ते साठ फुटांमागे फूटभर ढाळ हवा, तो बिघडतो, सांधे उघडतात, मैला एका जागी थांबू लागतो. दर पावसाळ्यात त्याच ठिकाणी तुंबत असेल तर वायर मारण्यावर पैसे घालू नका. तो तुकडा उकरून, खाली मुरूम-वाळू दाबून, ढाळ पुन्हा काढून घ्या. एकदाच खर्च होईल. गावाकडच्या दोन शोषखड्ड्यांच्या शौचालयांनाही हे लागू आहे. काळ्या मातीत खड्ड्याभोवती फूटभर वाळू किंवा खडीचा थर द्यावा असं तांत्रिक मार्गदर्शन आहे, कारण ही माती पाणी फार हळू मुरू देते. स्वच्छ भारतच्या बारा हजारांच्या अनुदानात घाईने उरकलेल्या बांधकामात हा थर गाळला गेला असेल, तर खड्डा पावसाळ्यात भरून वर येतो आणि शौचालयात लाकडं ठेवली जातात.

खालच्या मजल्याच्या छताला ओल आली तर मात्र फोडण्याआधी तीन दिवस थांबा. पहिला दिवस तो संडास अजिबात वापरू नका, पण नळाची लाइन चालू ठेवा. तरीही ओल वाढली तर दाबाखालचा पाइप गळतोय. वाढली नाही तर दुसऱ्या दिवशी न्हाणीची जाळी कापडाने घट्ट बंद करून फरशीवर बोटभर पाणी साठवून ठेवा. ओल आता दिसली तर फरशीखालचं वॉटरप्रूफिंग गेलंय. तेव्हाही दिसली नाही आणि तिसऱ्या दिवशी फ्लश सुरू केल्यावर दिसली तर भांड्याचा किंवा ट्रॅपचा सांधा. या तिन्ही दुरुस्त्यांचा खर्च एकमेकांपासून फार लांब आहे. पूर्ण वॉटरप्रूफिंग पंधरा-वीस हजारांच्या पुढे सहज जातं, एका सांध्याचं काम त्याच्या पावभागात होतं.

शेवटची गोष्ट पैशांहून मोठी आहे. सेप्टिक टँक भरला की काही घरांत मिस्त्रीलाच किंवा नाक्यावरच्या मजुराला ‘जरा आत उतरून बघ’ म्हणतात. मे २०२३ मध्ये आपल्या शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात, सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा जीव गेला. टाकीत हायड्रोजन सल्फाइड आणि मिथेन साठलेला असतो. झाकण उघडल्यावर वास कमी झाला म्हणजे वायू गेला असं नाही, कारण जास्त प्रमाणातला हायड्रोजन सल्फाइड नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. २०१३ च्या कायद्याने माणसाला संरक्षक साधनांशिवाय अशा टाकीत उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मृत्यू झाल्यास वारसांना तीस लाख रुपये द्यावेत, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये सांगितलं. टाकी दर दोन-तीन वर्षांनी मशीनच्या गाडीने उपसून घ्यायची असते. खेपेला साधारण दीड ते तीन हजार रुपये लागतात.

संडासाचं काम करणाऱ्याला अजूनही काही दारांत वेगळ्या पेल्यात पाणी मिळतं. संडास दुरुस्त करणारा माणूस आपल्या घराचं आरोग्य सांभाळतो. त्याला साबण, स्वच्छ पाणी, घरात सगळे पितात त्याच कपात चहा आणि त्याच दिवशी पूर्ण मजुरी मिळाली पाहिजे. टाकी उपसायची असेल तर महापालिकेला किंवा नगरपालिकेला फोन करा, अथवा केंद्र सरकारने यासाठी ठेवलेल्या १४४२० या क्रमांकावर. कुणालाही आत उतरू देऊ नका, तो स्वतः तयार असला तरी.